काट्याचे जुने मीटर दुरुस्त करायला शिकताना

वागळे इस्टेटमधला एखादा जुना कारखाना बंद पडला की लेथ आणि मोटारींना गिऱ्हाईक लगेच मिळतं. टेस्टिंग बेंचवरचे काट्याचे मीटर, म्हणजे व्होल्ट, करंट आणि ओहम काट्याने दाखवणारे मल्टिमीटर, मात्र किलोच्या भावात भंगारात जातात. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट दुरुस्तीचं काम केलं, आता ठाण्यात घरी हेच मीटर पुन्हा चालू करतो. आयटीआयची मुलं अधूनमधून शिकायला येतात. त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय.

पहिला मीटर म्हणून एव्हो, म्हणजे इंग्लंडचा तो मोठा मल्टिमीटर, घेऊ नका. मोह होतो, ते खरं. इंग्लंडमध्ये १९५१ साली आलेलं एव्होचं मॉडेल ८ थेट २००८ पर्यंत बनत होतं, आणि त्याच्याइतकं भक्कम यंत्र मी दुसरं हाताळलेलं नाही. पण त्याच्या आत फार दाटी असते. सुरुवात टीव्ही मेकॅनिककडे असायचे तसल्या छोट्या, सान्वा या जपानी कंपनीच्या धाटणीच्या मीटरवर करा. एक फिरता स्विच, एक छोटं सर्किट बोर्ड, सगळं डोळ्यांसमोर.

आता मुख्य गोष्ट. काटा हलत नाही म्हटलं की मुलांचा पहिला अंदाज ठरलेला, "काका, कॉइल गेली वाटतं." कॉइल म्हणजे चुंबकाच्या फटीत फिरून काटा हलवणारं तारेचं वेटोळं. बहुतेक वेळा ती धडधाकट असते. स्विचचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट, जळलेला फ्यूज, गळलेल्या सेलने खाल्लेली पत्ती, आतून तुटलेली प्रोबची वायर, एवढं आधी तपासा. आपल्याकडे खाडीची दमट, खारी हवा असल्याने कॉन्टॅक्ट लवकर खराब होतात.

कॉइल तपासायचीच असेल तर दुसऱ्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर कधीही लावू नका. या कॉइलला पूर्ण स्केलसाठी फक्त ५० मायक्रोअँपिअर लागतात. मल्टिमीटर त्याच्या कितीतरी पट करंट सोडू शकतो, आणि केसाएवढ्या तारेचं काम तिथेच संपतं. त्याऐवजी दीड व्होल्टचा सेल, २७ किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० किलोओहमचा पॉट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) कॉइलच्या सिरीजमध्ये जोडा. पॉट पूर्ण १०० किलोओहमवर ठेवून सुरू करा, मग हळूहळू कमी करा. त्याहून सोपी खूण म्हणजे मीटर हलकेच डोलवून काटा कसा झुलतो ते बघायचं, मग कॉइलची दोन टोकं वायरने जोडून पुन्हा डोलवायचं. दुसऱ्या वेळी काटा जड, संथ हलला तर कॉइल शाबूत आहे.

काटा मधेच अडकत असेल तर चुंबकाच्या फटीत लोखंडाचा बारीक कीस गेलेला असतो. टोकदार केलेल्या चिकटपट्टीने तो उचलता येतो. पण चुंबक किंवा मधला गाभा बाहेर काढायचा नाही. जुन्या अल्निको चुंबकाची चुंबकीय वाट मोकळी झाली की त्याची ताकद उतरते, मग सगळ्या रेंज कमी दाखवतात आणि घरच्या घरी इलाज नसतो. काटा फक्त काच पुसल्यावरच बिचकत असेल तर ती प्लास्टिकच्या काचेवरची स्थिर वीज. भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेल्या ओल्या फडक्याने पुसा, संपला प्रश्न.

मग प्रत्येक रेंज ठरवणारे रेझिस्टर. मीटर २०,००० ओहम प्रति व्होल्टचा असेल तर १० व्होल्टच्या रेंजला एकूण २०० किलोओहम यायला हवेत. जुने कार्बन रेझिस्टर वयाप्रमाणे वाढतात. तेच २२० झाले तर १० व्होल्टला काटा ९.१ च्या आसपास थांबतो. हिशेब कागदावर करा, मग सोल्डरचे डाग काढा. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. एव्होला लागणारी १५ व्होल्टची बॅटरी दुकानात शोधत बसू नका, तीन व्होल्टचे पाच बटण सेल सिरीजमध्ये चालतात.

काम सुरू करण्याआधी मीटर जसा हाती आला तसा प्रत्येक रेंजवर काय दाखवतो ते वहीत लिहा, दुरुस्तीनंतर तेच पुन्हा लिहा. कॅलिब्रेशन लॅबमध्ये असंच चालतं, आधीचं आणि नंतरचं वाचन दोन्ही नोंदवतात. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केलेल्या मुलाने अशी वही मुलाखतीला सोबत न्यावी. मी स्वतः उमेदवार निवडताना प्रमाणपत्राआधी वही चाळायचो.

आणि दुरुस्त झालेला मीटर बेंचवर वापरा, विजेच्या पॅनलवर नाही. या मीटरांना आजच्यासारखं सुरक्षेचं कॅटेगरी रेटिंग (कुठल्या लाइनवर मीटर सुरक्षित आहे ते सांगणारी खूण) नाही, पुष्कळांना धड फ्यूजही नाही. २३० किंवा ४१५ व्होल्टच्या लाइनवर प्रोब लावायची वेळ आली तर नवा, रेटिंगवाला मीटरच घ्या.