पाइपांचं काम झाल्यावर घर गरम ठेवणाऱ्या हीटिंगमध्ये पुन्हा पाणी भरताना

बॉयलर आणि पंप आधी बंद करा. उघडलेला प्रत्येक सांधा आणि ड्रेन कॉक (यंत्रणेतलं पाणी काढायची तोटी) घट्ट आहे ना, हे हात लावून तपासा. रेडिएटरचे (गरम पाणी खेळवून खोली तापवणाऱ्या पॅनेलचे) दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे हवेत, हवा सोडायचे स्क्रू बंद.

यंत्रणा रिकामी आहे तोवरच एक्स्पान्शन टाकीतला (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतला) हवेचा दाब मोजा. पाणी भरल्यावर खरा आकडा कळत नाही. गंजरोधक द्रवही आताच एखाद्या रेडिएटरमधून ओता, प्रमाण बाटलीवर असतं. हे टाळू नका, नव्या पाण्यासोबत नवा ऑक्सिजन आत येतो आणि गंज धरतो.

फिलिंग लूपचा (नळाचं पाणी यंत्रणेत आणणाऱ्या जोडनळीचा) व्हॉल्व्ह थोडासाच उघडा. घाईने भरलं तर हवा बारीक बुडबुडे होऊन पाण्यात मिसळते आणि दिवसेंदिवस छळते. दाब दाखवणारा गेज १.५ बारवर (बार हे दाबाचं एकक) आला की थांबा.

हवा सगळ्यात खालच्या मजल्यापासून काढत वर जा. स्क्रू अर्धा फेरा फिरवा, खाली फडकं धरा. आधी कोरडी फुसफुस, मग थुंकल्यासारखे शिंतोडे, मग सलग धार. धार आली की बंद. दाब दर वेळी उतरतो, १ बारखाली जाण्याआधी पुन्हा भरा.

शेवटी लूप काढून ठेवा. जोडलेला राहिला आणि व्हॉल्व्ह पाझरत असला, तर दाब गुपचूप चढत जातो आणि ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो. बॉयलर तासभर चालवा. वरून थंड, खालून गरम रेडिएटरमध्ये हवा उरलेली असते. पाणी गार झाल्यावरच ती काढा.