बटाटा, अंडं आणि मीठपाणी : परासरण घरच्या घरी कसं मोजावं

कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावून ठेवलं की थोड्याच वेळात भांड्याच्या तळाशी पाणी जमतं. पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून, म्हणजे पटलातून, पाणी असं खारट बाजूकडे जातं. यालाच परासरण म्हणतात, हे शाळेत शिकलेलं असतं. पण किती मिठाच्या पाण्यात पेशी पाणी घेतही नाही आणि सोडतही नाही? हा आकडा घरी काढता येतो.

आधी जलविभव, म्हणजे पाण्याची एका जागेहून दुसरीकडे जाण्याची ओढ, समजून घेऊ. ते दाबाच्या एककात, मेगापास्कलमध्ये मोजतात. हवेच्या नेहमीच्या दाबाखाली शुद्ध पाण्याचं जलविभव शून्य धरतात. त्यात मीठ-साखर विरघळली की ते शून्याखाली उतरतं आणि पाण्यावर दाब आला की वर चढतं. पाणी जास्त जलविभवाकडून कमीकडे जातं, बस. १ टक्का मिठाच्या पाण्याचं जलविभव खोलीच्या तापमानाला साधारण उणे ०.८ मेगापास्कल भरतं. म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास आठपट! एवढ्याशा मिठाची ही ताकद बहुतेकांना खरी वाटत नाही.

पाच ग्लासांत प्रत्येकी २०० मिली पाणी घ्या. पहिल्यात काही घालू नका. बाकीच्यांत अनुक्रमे १, २, ४ आणि ६ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. ही झाली ०, ०.५, १, २ आणि ३ टक्क्यांची द्रावणं. ग्लासांवर चिठ्ठ्या चिकटवा, कारण दिसायला सगळी सारखीच असतात.

आता एकच मोठा बटाटा घ्या. दोन बटाट्यांतल्या साखरेचं प्रमाण सारखं नसतं, त्यामुळे सरमिसळ केली तर आकडे जुळत नाहीत. साल पूर्ण काढा, कारण ती पाणी अडवते. ५ सेंटीमीटर लांब आणि १ सेंटीमीटर जाड अशा पट्ट्या कापा, प्रत्येक ग्लासासाठी तीन. पट्ट्या टिश्यूने हलक्या हाताने टिपून तिन्हींचं एकत्र वजन लिहून ठेवा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल. स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर हा फरक नीट पकडता येत नाही. पट्ट्या दोन तास बुडवून ठेवा, पुन्हा तशाच टिपा आणि वजन करा. टिपणं दोन्ही वेळा सारखं हवं. या प्रयोगात सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. पट्टी दाबून पिळू नका.

वजनातल्या फरकाला सुरुवातीच्या वजनाने भागून १००ने गुणा. आडव्या अक्षावर मिठाचे टक्के आणि उभ्यावर हा बदल घेऊन आलेख काढा. रेघ जिथे शून्याला छेदते, त्या द्रावणाचं आणि तुमच्या बटाट्याचं जलविभव सारखं. बहुतेकदा हा बिंदू १ टक्क्याच्या आसपास, थोडा मागेपुढे येतो.

आता पट्ट्या हातात घ्या. साध्या पाण्यातली ताठ असते, वाकवली की कट्कन तुटते. ३ टक्क्यांतली लुळी पडते आणि न तुटता चांगलीच वाकते. साध्या पाण्यातली पट्टी फुटत का नाही? पाणी आत शिरतं तशी पेशी फुगते, पण बाहेरची भक्कम पेशीभित्तिका तिला आवरते. आतला दाब वाढत वाढत असा होतो की आतलं-बाहेरचं जलविभव सारखं होतं आणि मग पाणी शिरायचं थांबतं. तो दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेहूनही जास्त असू शकतो. कोथिंबीर पाण्यात ठेवल्यावर टवटवीत होते ती याच दाबामुळे. एक पट्टी उकडून पाहाच: तिच्या पेशींची पटलं उकडल्याने मोडलेली असतात, म्हणून साध्या पाण्यात कितीही वेळ ठेवली तरी ती ताठ होत नाही.

प्राण्यांच्या पेशीला भित्तिका नसते, त्यामुळे तिथे हा दाब धरून ठेवणारं कुणी नाही. साध्या पाण्यात टाकलेली तांबडी रक्तपेशी फुगून फुटते. ३ टक्के मिठात ती आक्रसते. म्हणून शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं; त्यात ती फुगतही नाही आणि आक्रसतही नाही. रक्ताच्या वाट्याला जाण्यापेक्षा घरी अंडं बरं. कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. कवच विरघळून पातळ पापुद्रा उरतो. असं अंडं दिवसभर पाण्यात ठेवलं की टम्म फुगतं, मग साखरेच्या घट्ट पाकात ठेवलं की सुरकुततं. पाक पूर्ण गार झालेला हवा, नाहीतर अंडं शिजेल. तो पापुद्रा म्हणजे पेशीचं पटल नव्हे, पण पाणी जाऊ देऊन मोठे रेणू अडवण्याचं काम तोही करतो. हे अंडं खाऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा.

हा हिशेब कुंडीतही लागू पडतो. रासायनिक खत जास्त झालं की माती ओली असूनही झाड माना टाकतं, कारण मातीतल्या पाण्याचं जलविभव मुळांपेक्षा खाली गेलेलं असतं. अशा वेळी आणखी खत नको. तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघा, साधं पाणी भरपूर ओतून निथळू द्या आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा तसंच करा.