मिनी-डीव्ही टेपवरचं घरचं शूटिंग कॉम्प्युटरवर कसं उतरवायचं

टेप कॅमेऱ्यात घालण्याआधी खिडकीशी जा, ती उजेडात धरा आणि कॅसेटच्या छोट्या पारदर्शक खिडकीतून आत बघा. गुंडाळी काळीभोर आणि गुळगुळीत दिसली तर पुढे जायला हरकत नाही. कडेला पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. ती टेप लगेच वेगळ्या पिशवीत ठेवा. पुण्यात जून ते सप्टेंबर कपाटातली हवा दमटच असते. जुन्या वाड्यातल्या भिंतीतल्या कपाटात वीस पावसाळे काढलेल्या टेपेला बुरशी धरली तर नवल नाही. अशी टेप फिरवली की बुरशी कॅमेऱ्याच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या चांगल्या टेपवर उतरते. ती घरी चालवूच नका, टेप साफ करून देणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

मिनी-डीव्ही १९९५ मध्ये बाजारात आली. काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट, आत ६.३५ मिलिमीटर रुंदीची फीत, साध्या वेगात साठ मिनिटं. पुण्यातल्या कितीतरी घरांतल्या मुंजी, बारशी, डोहाळजेवणं आणि विसर्जन मिरवणुका याच फितीवर आहेत. यातली खरी चिंता फितीची नाही, कॅमेऱ्याची आहे. नीट ठेवलेली टेप अजून चालते, पण ती चालवणारे कॅमेरे आता नव्याने बनत नाहीत. असलेल्यांचे रबरी रोलर आणि पट्टे कडक होतात, दार अडकतं, हेड झिजतं. तुमच्याकडचा कॅमेरा आज सुरू होत असेल तर हे काम याच महिन्यात करायला घ्या.

पिवळी वायर नको, फायरवायर हवी

मिनी-डीव्ही टेपवर चित्र आणि आवाज आधीपासूनच डिजिटल स्वरूपात असतात. त्यामुळे कॉम्प्युटरवर घेताना नव्याने रेकॉर्डिंग करायचं नसतं, टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरवून घ्यायचा असतो. हे फक्त कॅमेऱ्याच्या डीव्ही सॉकेटमधून होतं. चार पिनांचं, अगदी बारीक, एका बाजूला खाच असलेलं ते सॉकेट. त्याच्यावर 'डीव्ही' लिहिलेलं असतं, सोनीच्या कॅमेऱ्यांवर 'आय-लिंक'. सगळ्यांचं मूळ नाव फायरवायर. पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरीने घेतलंत तर तेच डिजिटल चित्र आधी अ‍ॅनालॉग होतं आणि मग पुन्हा डिजिटल, आणि या फेऱ्यात ते मऊ, फिकट होतं. कॅमेऱ्याला यूएसबी असली तरी बहुतेक कॅमेऱ्यांत ती मेमरी कार्डावरचे फोटो काढण्यापुरती असते. तिच्यातून टेपवरचं चित्र आलंच तर लहान आणि तुटक येतं.

मी स्वतः बुधवार पेठेत तपकीर गल्लीत वायर शोधायला गेलो तेव्हा एका दुकानात मला एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर असलेली वायर मिळाली. घरी येऊन दोन संध्याकाळी तिच्याशी झगडलो. ती चालत नाही, चालणारच नाही, कारण दोन्हींची डेटा पाठवायची पद्धत मुळातच वेगळी आहे आणि नुसती टोकं जोडून ती बदलत नाही. कॉम्प्युटरला खरंखुरं फायरवायर पोर्टच लागतं.

ते मिळवायचे तीन मार्ग आहेत. घरात डेस्कटॉप असेल तर फायरवायरचं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड बसवून घ्या. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं कार्ड सहसा त्रास देत नाही. मॅक असेल तर थंडरबोल्ट ते फायरवायर अ‍ॅडाप्टर लागतो, नव्या मॅकला त्याआधी थंडरबोल्ट ३ ते २ हाही. मात्र मॅकओएस २६ मध्ये फायरवायरचा आधार काढून टाकलेला आहे, तेव्हा त्या मॅकवर हे जमणार नाही, त्याआधीची आवृत्ती असलेला मॅक हवा. तिसरा मार्ग मला सगळ्यात सोपा वाटतो. २००५ ते २०१० च्या सुमाराचा, कडेला चार पिनांचं फायरवायर पोर्ट असलेला जुना लॅपटॉप शोधायचा. नातेवाइकांना विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर असतोच. नाहीतर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, पण लॅपटॉप तिथेच चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझं सगळं काम शेजारच्या काकांच्या विंडोज एक्सपीवाल्या लॅपटॉपवर झालं. असा जुना लॅपटॉप इंटरनेटला जोडू नका, फाइल एक्स्टर्नल डिस्कवर काढून घ्या.

जोडण्याआधी

टेप आणि कॅमेरा ज्या खोलीत काम करणार तिथे तासभर नुसते ठेवून द्या. पावसाळ्यात किंवा एसीच्या खोलीतून बाहेर आणल्यावर आतल्या ड्रमवर, म्हणजे फीत ज्याभोवती फिरते त्या गोल भागावर, दव धरतं, आणि ओल्या ड्रमला फीत चिकटली की गुंडाळून फाटते. दव असेल तर कॅमेरा पडद्यावर तशी खूण दाखवतो. तेव्हा टेप काढून घ्या, दार उघडं ठेवा आणि थांबा.

मग कॅसेटच्या मागच्या कडेवरची बारीक पट्टी 'सेव्ह' बाजूला सरकवा. हे एक मिनिटाचंही काम नाही, पण चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मुंजीवर तुमच्या खोलीचं छत छापलं जाणार नाही. कॅमेरा बॅटरीवर चालवू नका. इतक्या वर्षांनी ती तासभर टिकत नाही, मूळ अ‍ॅडाप्टर लावा. टेप घालून आधी शेवटपर्यंत पुढे आणि परत सुरुवातीपर्यंत मागे फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बसलेली फीत त्याने सैल होते आणि पुढे चित्र स्थिर येतं.

जागेचा हिशोब: एक तासाच्या टेपेला सुमारे १३ जीबी. वीस टेपा म्हणजे २६० जीबी, म्हणून निदान ५०० जीबीची डिस्क धरा. डिस्कचा फॉरमॅट तपासा. फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिथे मावत नाही आणि विसाव्या मिनिटाच्या आसपास काम बंद पडतं. विंडोजसाठी एनटीएफएस ठेवा.

फायरवायर जोडताना दोन्हीकडचा वीजपुरवठा बंद ठेवा. कॉम्प्युटरकडचं टोक सहा पिनांचं असेल तर जास्तच जपा. त्या टोकाला वीज असते, आणि ते उलटं घुसवलं तर कॅमेऱ्याचं डीव्ही सॉकेट जळतं. आकार नीट बघा, जोर लावू नका. वायर बसली की कॉम्प्युटर सुरू करा आणि शेवटी कॅमेरा, 'प्ले' किंवा 'व्हीसीआर' वर. रेकॉर्डिंगच्या मोडवर ठेवलात तर टेपऐवजी लेन्ससमोरची भिंत दिसेल.

उतरवणं

विंडोजवर विनडीव्ही नावाचा छोटासा मोफत प्रोग्रॅम आहे, तो पुरे. सेटिंगमध्ये फाइलचा प्रकार 'टाइप-२ एव्हीआय' निवडा. दृश्य बदललं की नवी फाइल सुरू करण्याची सोय हवी तर चालू ठेवा. मी ती बंद ठेवतो, एक टेप म्हणजे एक फाइल. मॅकवर आयमूव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब. लॅपटॉपचं स्लीप मोड, अँटिव्हायरस आणि वायफाय बंद करा. मग प्रोग्रॅममध्ये कॅप्चर सुरू करा आणि कॅमेऱ्यावर प्ले दाबा. तासाची टेप उतरायला तासच लागतो, यात घाई चालत नाही. फाइल आधी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर घ्या, नंतर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा.

पडद्यावर 'ड्रॉप्ड फ्रेम्स' चा आकडा असतो, त्यावर लक्ष ठेवा. तो शून्यावरच राहिला पाहिजे. वाढला तर लॅपटॉप दमतोय, बाकीचं सगळं बंद करून टेप पुन्हा पहिल्यापासून उतरवा. चित्रात चौकोनी ठोकळे दिसले किंवा आवाज तुटायला लागला तर तो बहुधा हेडवरचा मळ असतो. कोरडी क्लीनिंग कॅसेट आठ-दहा सेकंद चालवा, त्याहून जास्त नाही, ती हेड घासत असते. माझी एक टेप पहिल्यांदा नुसते ठोकळे दाखवत होती, हेड साफ केल्यावर तीच स्वच्छ उतरली. टेप एलपी वेगात रेकॉर्ड केलेली असेल, म्हणजे साठच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं घेतलेली असतील, तर ती ज्या कॅमेऱ्याने घेतली त्याच कॅमेऱ्यावर सगळ्यात चांगली चालते. दुसऱ्यावर ठोकळे येत असतील तर टेपेला दोष देण्याआधी मूळ कॅमेरा शोधा.

इथे एक आग्रहाचं सांगणं. टेप पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत पूर्ण उतरवा. 'हे काय, नुसतं हलतंय' म्हणून पुढे ढकलू नका. आमच्या घरच्या २००२ च्या मुंजीच्या टेपवर मातृभोजन झाल्यावर कुणीतरी कॅमेरा बंद न करताच खुर्चीवर ठेवला होता. अकरा मिनिटं चित्रात फक्त टेबलाचा पाय, सतरंजीची कड आणि एक लवंडलेला स्टीलचा पेला. पण आवाज सगळा आहे. पंगतीची गडबड, वाट्यांचा खणखणाट, आणि त्यातून आजीचा करडा, ओळखीचा सूर, "अगं, वरण वाढलंस, तूप कुठंय?" बाकीच्या सबंध टेपवर आजी तीनदा दिसते आणि एकदाही बोलत नाही. तिचा आवाज आमच्याकडे एवढाच आहे.

वेगळ्या टेपा

जुन्या व्हिडिओ-८, हाय-८ आणि व्हीएचएस-सी टेपा अ‍ॅनालॉग आहेत. त्यांना मात्र पिवळी-पांढरी-लाल वायर आणि यूएसबी कॅप्चर उपकरण लागतं. कॅमेऱ्याला एस-व्हिडिओ सॉकेट असेल तर पिवळीऐवजी ते वापरा, रंगांच्या कडा स्वच्छ येतात. उपकरणाच्या सेटिंगमध्ये 'पाल', म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत, निवडायला विसरू नका. चित्र काळंपांढरं किंवा वर-वर सरकताना दिसलं तर तिथे 'एनटीएससी', म्हणजे अमेरिकेतली पद्धत, राहिलंय. सोनीच्या काही डिजिटल-८ कॅमेऱ्यांवर हाय-८ टेप चालते आणि फायरवायरमधून बाहेरही येते. असा कॅमेरा ओळखीत कुणाकडे असेल तर मागून आणा.

अमेरिकेतल्या मुला-मुलींनी तिकडे विकत घेतलेल्या कॅमेऱ्यावरच्या टेपा पुण्यात पुष्कळ घरांत आहेत. त्या एनटीएससी असतात, ४८० रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० फ्रेम. आपल्याकडच्या पाल टेपवर ५७६ रेषा आणि २५ फ्रेम. इकडच्या कॅमेऱ्यावर तिकडची टेप बहुतेक वेळा धड चालत नाही. त्यासाठी तिकडचाच कॅमेरा लागेल, पुढच्या वेळी येताना घेऊन यायला सांगा.

उतरल्यावर

मूळ एव्हीआय फाइल मोठी असते म्हणून लहान करून टाकायचा मोह होतो. करू नका. ती आता तुमची अस्सल प्रत आहे. घरच्यांना पाठवायला वेगळी प्रत बनवा. हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम त्याला चांगला, एच.२६४ निवडा आणि दर्जाचा आकडा १८ ते २० ठेवा. त्यात 'डीइंटरलेस' चालू करणं गरजेचं आहे. टेपवरची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, एकाआड एक रेषांची, एक-पन्नासांश सेकंदाच्या अंतराने घेतलेली. कॉम्प्युटरवर ती एकत्र दिसली की हलणाऱ्या गोष्टींना दाते फुटतात. मिरवणुकीतल्या ढोलावर पडणारं टिपरू कंगव्यासारखं दिसतं. त्यात 'बॉब' हा पर्याय घेतला तर सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि हालचाल पूर्वी टीव्हीवर दिसायची तशी सलग राहते. माणसं रुंद किंवा बारीक दिसत असतील तर चित्राचं प्रमाण ४:३ आहे का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबून लहान केलं जातं.

मूळ फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात, बहिणीकडे किंवा मामाकडे. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे १९६४ पासून देशाचे चित्रपट जपले जातात, पण तुमच्या मुंजीची टेप जपणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. टेपाही फेकू नका. पूर्ण गुंडाळून, डबीत उभ्या ठेवून, सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डब्यात ठेवा, स्पीकरपासून लांब.

फाइलचं नाव तारखेपासून सुरू करा, '२००२-०५ मुंज सदाशिव पेठ' असं, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. डीव्ही टेपवर चित्राबरोबर रेकॉर्डिंगची तारीख-वेळही साठवलेली असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'डेटा कोड' चालू केला की दिसते. तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. आतली बटणाएवढी बॅटरी संपलेली असेल तर सगळ्या टेपा एकाच जानेवारीच्या निघतात. मंडपावरचा फलक, पत्रिका, भिंतीवरचं कालनिर्णय यावरून खरी तारीख सापडते.

आणि पहिली टेप उतरली की घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला शेजारी बसवून ती बघा, हातात वही घेऊन. मध्येमध्ये थांबवा आणि कोण कोण आहे ते विचारा. आमच्या काकूंनी पंगतीतल्या सात जणांची नावं सांगितली, जी आम्हा भावंडांपैकी कुणालाच माहीत नव्हती. हिरवी पैठणी नेसलेल्या बाईंपाशी त्या अडल्या, मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "अरे, त्या भोरच्या वन्स!" ती नावं मिनिट-सेकंदासकट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवली आहेत.