जुना बुद्धिबळ संच: पॉलिश पेपर हातात घेण्याआधी या चुका टाळा

जुना संच घरी आला की हात शिवशिवतात. डब्यात धूळ, मोहऱ्यांच्या कडा काळवंडलेल्या, बुडाची हिरवी बनात कसरीने खाल्लेली. तासाभरात नव्यासारखा करून टाकू, असं वाटतं. मी पाहिलेले बरेचसे खराब संच खेळून खराब झालेले नव्हते. कोणीतरी प्रेमाने, घाईने ते 'नवे' केले होते.

सर्वांत मोठी चूक पॉलिश पेपरची. आज स्पर्धांत सर्रास दिसणाऱ्या मोहऱ्यांच्या आकाराला आपण स्टाँटन घाट म्हणतो; तो नॅथॅनिएल कुक यांनी 1849 मध्ये नोंदवला आणि लंडनच्या जॅक्स कंपनीने बाजारात आणला. चांगल्या संचांत पांढरे मोहरे बॉक्सवुडचे, काळे आबनुसाचे. बॉक्सवुड मुळात फिकट असतं. उजेड आणि हातांचा वावर यांनी वर्षानुवर्षांत त्याला मधासारखा रंग येतो, आणि तो अगदी वरच्या थरात असतो. पेपरचे चार हात फिरवले की खालचं कच्चं लाकूड उघडं पडतं. त्यावर रंग लावून जुनेपण आणता येत नाही, जाणकाराला ते लगेच दिसतं.

पेपरखाली आणखी काय जातं, तेही पाहा. घोड्याच्या आयाळीच्या आणि नाकपुड्यांच्या बारीक रेषा बोथट होतात. बऱ्याच संचांत राजाच्या बाजूच्या हत्तीवर आणि घोड्यावर छोटा मुकुट उठवलेला असतो. चाली लिहिण्याच्या पूर्वीच्या वर्णनात्मक पद्धतीत 'राजाचा हत्ती' आणि 'वजिराचा हत्ती' वेगळे लिहीत, डाव मध्यावर आल्यावरही कोणता कुठला ते कळावं म्हणून ही खूण. जॅक्सच्या पांढऱ्या राजाच्या बुडाच्या कडेवर कंपनीचा ठसा सापडतो. या सगळ्या खुणांची खोली एखाद्या मिलिमीटरचीही नाही. मात्र नुसत्या मुकुटावरून संच जॅक्सचा ठरवू नका, इतर कारखानदारही मुकुट उठवत.

मग साफसफाई करायची तरी कशी? आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. मग कापसाचा बोळा जेमतेम ओला करून, घट्ट पिळून, बुडाखालच्या न दिसणाऱ्या जागी फिरवून पाहा. स्पिरिट वापरू नका. जुन्या मोहऱ्यांवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. जवसाचं तेलही नको, ते कालांतराने काळं आणि चिकट होतं. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरतो.

हाडाचे आणि हस्तिदंताचे संच वेगळीच काळजी मागतात. त्यांत एक बाजू पांढरी आणि दुसरी लाल असणं अगदी सामान्य आहे. हा लाल रंग पाण्याने सुटतो. मी एकदा हाडाचं लाल प्यादं कोमट पाण्यात फक्त 'धुऊन' काढलं होतं. पाणी गुलाबी झालं, आणि ते प्यादं अजून बाकीच्या सातांपासून वेगळं ओळखू येतं. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचे प्रसिद्ध मोहरे 1831 मध्ये उजेडात आले, तेव्हा त्यांतले काही लाल होते अशी नोंद आहे. आज ते सगळे फिकट दिसतात. रंगाचा काही भरवसा नसतो, म्हणून पाणी दूर ठेवा. शिवाय हस्तिदंत ओला होऊन वाळला की तडकतो. या संचांतले उंच मोहरे अनेकदा आट्यांनी जोडलेले असतात. आटे हाताने कापलेले असल्याने एका राजाचं शिर दुसऱ्याला बसेलच असं नाही. जोर लावू नका.

हाड की हस्तिदंत हे ठरवायला तापलेली सुई टोचण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मुळीच ऐकू नका. सुईचा डाग कायमचा राहतो, आणि वस्तू सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेऊ शकते. त्यापेक्षा भिंग घ्या. हाडावर बारीक काळे ठिपके आणि चिरा दिसतात. हत्तीच्या दातात, विशेषतः बुडाच्या आडव्या कापावर, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. आणि हस्तिदंत निघालाच तर विक्री किंवा परदेशी नेण्याआधी आपल्या देशाचा कायदा तपासा. सीमेपार नेण्यावर साइट्स (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) लागू होतो आणि वस्तूचं वय कागदोपत्री सिद्ध करावं लागतं.

खरेदीतली चूक एकच, पण महाग: 32 मोजले आणि समाधान मानलं. मोहरे बदललेले असतात. व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याच्या सरकपट्टीने) दोन्ही बाजूंच्या आठही प्याद्यांच्या बुडाचा व्यास मोजा, चारही घोडे शेजारी ठेवून कोरणाऱ्याचा हात एकच आहे का ते पाहा. काळ्याच्या टवक्यातून पिवळट लाकूड डोकावत असेल तर ते आबनूस नव्हे, रंगवलेलं लाकूड आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत आबनुसाची देऊ नका.

आता सर्वांत जास्त विचारलं जाणारं: मोहरा हलवला की आत खडखडतं. आतलं शिशाचं वजन सुटलेलं असतं. वितळलेलं शिसं ओतू नका, लाकूड करपतं आणि फाटतं. सुपरग्लूही नको, पुढे तो काढता येत नाही. बनात वाफेने सैल करा, पातळ पातीने उचला, वजनाभोवती गरम सरस सोडा आणि मोहरा रात्रभर उलटा ठेवा. सरस पुढे कोणालाही ओलाव्याने सोडवता येतो. मूळ बनात शक्य तितकी तीच परत चिकटवा.

शिशावर पांढरी भुकटी दिसली तर हातमोजे आणि मास्क घाला, ती विषारी असते. ओक लाकडाच्या बंद डब्यात साठणारी आम्लाची वाफ शिशाला असं खाते, आणि फुगलेलं शिसं आतून बूड फोडतं. बुडाला उभी चीर गेलेली दिसली तर ती भरण्याआधी आत डोकावा. शिसं फुगलेलं असताना भरलेली चीर पुन्हा उघडतेच.