ऐतिहासिक गाऊनसाठी कापड कसं निवडाल?

नाटकात 1860च्या सुमाराचा युरोपीय गाऊन हवा असेल, तर आधी चकचकीत पॉलिस्टर सॅटिन बाजूला ठेवा. पॉलिस्टर तेव्हा नव्हतंच. शिवाय रंगमंचाच्या दिव्यांखाली ते प्लास्टिकसारखं चमकतं आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात नटीला घामाघूम करतं. सुती, रेशमी, लोकरी किंवा लिननच घ्या.

सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, दुकानदार ‘प्युअर’ म्हणेल. कडेचे दोन-चार धागे मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळून बघा. सुती धागा जळक्या कागदाचा वास देतो, मऊ राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. वितळून कडक गोळी झाली, तर ते कृत्रिम.

मग चुण्या घालून बघा. कापड मुठीत गोळा करून कमरेशी धरा: घेर फुगून खाली उतरला पाहिजे. सोलापुरी चादर इथे चालत नाही, तिच्या जाड विणीमुळे कमरेला नुसता गठ्ठा होतो. (शाल म्हणून मात्र झकास!)

44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड सुमारे 8 मीटर लागतं. घेराला सव्वा मीटरचे चार तुकडे म्हणजे 5 मीटर, उरलेलं वरच्या भागाला आणि बाह्यांना. नक्षी एकाच दिशेची असेल तर मीटरभर जास्त.

सुती कापड कापण्याआधी धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यात गाऊन आटून कमरेला बसणार नाही. वरचा भाग आधी मांजरपाटावर (साध्या कोऱ्या सुती कापडावर) बेतून बघा. अस्तरही त्याचंच चालतं.