पोर्तुगीज वाइन ओळखायची कशी? इंदूरच्या घरांसाठी

शेव रतलामी म्हटली की लवंगेचा झटका आधी आठवतो. बेसन कुठल्या गिरणीचं, हे कुणी विचारत नाही. पोर्तुगालची वाइनही अशीच गावाच्या नावाने ओळखावी. त्या देशात अडीचशेहून जास्त स्थानिक द्राक्षं आहेत. एका बाटलीत तीन-चार जातींचं मिश्रण असणं नेहमीचंच, आणि एकाच द्राक्षाला ठिकठिकाणी निराळं नाव: दोरो प्रांतात तिंता रोरिज, आलेंतेजो प्रांतात आरागोनेज, स्पेनमध्ये तेंप्रानियो. म्हणून बाटली हातात घेतली की आधी प्रांत वाचा, द्राक्ष नंतर.

लेबलवरचे पाच-सहा शब्द पाठ केले की निम्मं काम झालं. तिंतो म्हणजे लाल, ब्रांको पांढरी. सेको कोरडी, मेयो सेको किंचित गोड, दोसे गोड. (शेवटचा ‘ओ’ पोर्तुगीज लोक ‘उ’ असा उच्चारतात, लेबलवरच्या अक्षरांशी जुळावा म्हणून इथे तसाच ठेवला आहे.) किंता म्हणजे मळा. ‘डीओसी’ ही तीन अक्षरं असली तर वाइन त्या प्रांताच्या कडक नियमांत बसते. ‘विन्यो रेजिओनाल’ची हद्द मोठी आणि नियम सैल, पण तिला कमअस्सल समजू नका, आलेंतेजोच्या कितीतरी चांगल्या बाटल्यांवर हेच लिहिलेलं असतं.

सुरुवात विन्यो वेर्देपासून करा. वेर्दे म्हणजे हिरवी, पण इथे अर्थ कोवळी. पाऊस भरपूर असलेल्या वायव्य कोपऱ्यातली ही वाइन आंबटसर असते, मद्यार्क साधारण 9 ते 11.5 टक्के, आणि जिभेवर बारीक चुणचुण, कारण बहुतेक साध्या बाटल्यांत थोडा वायू मुद्दाम सोडलेला असतो. ही साठवायची नाही. ताज्यातली ताजी घ्या आणि वर्ष-दीड वर्षात संपवा. याच भागातल्या मोन्सांव आणि मेल्गासो गावांची, आल्वारिन्यो द्राक्षाची वाइन मात्र जास्त भरीव, सहसा बिनचुणचुणीची, आणि चार-पाच वर्षं सहज टिकणारी.

थंडीत गराडू तळले, वर जीरावन भुरभुरलं आणि लिंबू पिळलं, की विन्यो वेर्देच काढा. लिंबापुढे कमी आंबट वाइन पाणचट लागते; हिच्यात स्वतःचाच आंबटपणा असल्यामुळे ती तग धरते, आणि तळणीचा तेलकटपणाही धुऊन काढते.

लाल वाइनमध्ये तीन नावं पुरेत. आलेंतेजो उष्ण मैदानाची, पिकल्या फळाची, मऊ. दाओ ग्रॅनाइटच्या उंच जमिनीतली, हलकी आणि सुगंधी. बाइरादाची ‘बागा’ या द्राक्षाची वाइन तरुणपणी इतकी तुरट असते की तिला वर्षं द्यावी लागतात. झणझणीत मटण रस्सा आणि तरुण बाइरादा ही जोडी फसते: मिरची तुरटपणा वाढवते आणि मद्यार्क मिरचीची आग वाढवतो. रश्श्याबरोबर आलेंतेजो घ्या, थोडी गार करून.

आता पोर्ट. आपल्याकडे ‘पोर्ट’ म्हणून स्वस्त, गोड लाल वाइन सर्रास विकली जाते, आणि त्या नावाने खऱ्या पोर्टवर अन्याय होतो. खरी पोर्ट फक्त दोरो खोऱ्यातल्या द्राक्षांची. या प्रांताची हद्द 1756 साली पोर्तुगालचे मंत्री मार्केस दे पोंबाल यांच्या काळात आखली गेली. रस दोन-तीन दिवस आंबला, निम्मी साखर उरली, की त्यात 77 टक्के मद्यार्काचं द्राक्षाचं स्पिरिट घालतात, साधारण चार भाग रसाला एक भाग. किण्व (यीस्ट) मरतं, गोडी तशीच राहते. म्हणून बाटलीवर सहसा 19 ते 22 टक्के लिहिलेलं असतं, आणि गळ्यावर हमीची कागदी पट्टी असते. या दोन खुणा आधी तपासा.

रूबी आणि टॉनी या पोर्टच्या दोन प्रकारांतला फरक पिपातल्या काळाचा. रूबी थोडाच काळ, मोठ्या पिपांत राहते, म्हणून लालभडक आणि फळाच्या चवीची. टॉनी लहान लाकडी पिपांत वर्षानुवर्षं हवा खात तपकिरी होते आणि तिला अक्रोड, खारीक, गुळाच्या पाकाचा वास येतो. तिच्यावरचे 10, 20, 30, 40 हे आकडे मिश्रणाच्या वयाची शैली सांगतात. पुरणपोळीबरोबर किंवा तिळाच्या वडीबरोबर 10 वर्षांची टॉनी द्या, 12-14 अंशांवर, 60-75 मिलिलीटरच. रूबी इथे चालत नाही. गुळापुढे तिचं फळ आंबट वाटतं.

व्हिंटेज पोर्ट एकाच निवडक वर्षाची असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बाटलीत जाते, त्यामुळे गाळ बाटलीतच साठतो. उघडण्याआधी पूर्ण एक दिवस ती उभी ठेवा. मग गळ्यामागे टॉर्च धरून एका दमात, हात न हलवता दुसऱ्या भांड्यात ओता. गाळाचा काळा धागा गळ्याकडे सरकताना दिसला की थांबा. तळाला दोन-तीन बोटं उरली तर उरू द्या. मध्येच बाटली सरळ केलीत तर गाळ ढवळला जातो आणि शेवटचे ग्लास तोंडात खरखरतात. बुचाला वर प्लास्टिकची टोपी असेल तर ती बाटली लगेच पिण्यासाठी आहे, वर्षानुवर्षं जपू नका.

इंदूरमध्ये खरा घात उन्हाळा करतो. ‘लाल वाइन घरच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. मे महिन्यातल्या आपल्या खोलीत ती नुसती मद्यार्काने नाक जाळते. लाल बाटली फ्रीजमध्ये ठेवून 16-18 अंशांवर आणा. विन्यो वेर्दे 8-10 अंशांवर हवी: फ्रीजमध्ये तीन तास, घाई असेल तर बर्फ आणि पाण्यात 20 मिनिटं. नुसत्या बर्फात नको. पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं, म्हणून लवकर गार करतं. दुपारी गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली ओळखायची असेल तर बूच बघा. ते वर सरकलेलं किंवा गळा चिकट झालेला दिसला तर आतली चव शिजलेल्या फळासारखी असणार.

उघडल्यावर व्हिंटेज दोन दिवसांत संपवा, रूबी आठवडा-दीड आठवडा, टॉनी फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे. अपवाद मदेराचा, म्हणजे पोर्तुगालच्या त्याच नावाच्या बेटावरच्या वाइनचा. ती करतानाच 45-50 अंशांवर किमान तीन महिने तापवतात, किंवा गरम माळ्यावर पिपांत वर्षानुवर्षं ठेवतात. त्यामुळे उघडी बाटलीही महिनोन्‌महिने बिघडत नाही. तिच्या प्रकारांत सर्सियाल सर्वांत कोरडी, मग वेर्देल्यो, बुआल, आणि सर्वांत गोड मामझी. आपल्या स्वयंपाकघराच्या कपाटात निर्धास्त ठेवावी अशी हीच एक. फक्त उभी ठेवा. आडवी ठेवली तर तिचा आंबटपणा बूच खातो.