केबलच्या जाळीत उतरलेला करंट कसा ओळखावा

कोॲक्सियल केबलमधून (टीव्हीची केबल: मधे तार, तिच्याभोवती धातूची जाळी) फक्त सिग्नल वाहतो, हा समज केबल तंत्रज्ञाने सर्वप्रथम सोडून द्यावा. एखाद्या ग्राहकाच्या घरातील टीव्हीचे इन्सुलेशन बिघडले आणि तेथील अर्थिंग धड नसले, तर २३० व्होल्टचा दाब केबलच्या या जाळीवर येतो आणि तो शेजारच्या इमारतीपर्यंतही पोहोचू शकतो.

शरीरातून किती प्रवाह जाईल हे ओहमच्या नियमाने कळते. ओल्या हातांसह शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो. जीवरक्षक आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) ३० मिलिॲम्पिअरलाच वीज तोडेल असा बनवतात, यावरून धोक्याचा अंदाज यावा.

म्हणून कनेक्टर उघडण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून जाळी आणि खात्रीचे अर्थिंग यांमधील दाब मोजावा. दोन पिनांच्या सेट-टॉप बॉक्समुळे मीटर शंभराच्या आसपास आकडा दाखवू शकतो. ती बहुधा बॉक्समधील फिल्टर कपॅसिटर या भागातून होणारी प्रवाहाची किरकोळ गळती असते. मीटरमध्ये लो-झेडची (मीटरचा स्वतःचा रोध कमी ठेवून मोजण्याची) सोय असल्यास त्यावर असा आकडा कोसळतो, खरा दोष असल्यास मात्र टिकून राहतो. निऑन टेस्टर दोन्ही वेळा पेटतो, त्यामुळे येथे त्याचा उपयोग नाही.

दाब टिकून राहिल्यास केबलला हात न लावता ग्राहकाच्या उपकरणाचा प्लग काढून पुन्हा मोजावे. जोड सोडवताना त्याची दोन्ही टोके दोन उघड्या हातांत कधीही धरू नयेत, कारण तुटलेल्या जाळीतला दाब त्या क्षणी छातीतून वाट काढतो.